साक्षीदार क्रमांक चार

ऑक्टोबर २००६ मधल्या एका मंगळवारी सकाळी दहा चाळीसला मोहन खांबेट्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी टेबलाखाली नंबर पाहिला. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या लायब्ररीचा होता, म्हणजे त्यांची बायको आसावरी. तिचा स्वतःचा फोन कायम घरी चार्जिंगला लावलेला असायचा आणि ती लायब्ररीच्या काउंटरवरून फोन करायची, बहुतेक वेळा राजमा भिजत घातलाय का एवढंच विचारायला. खांबेट्यांनी फोन परत खिशात ठेवला. समोर व्हाइस प्रेसिडेंट सतराव्या स्लाइडवर होता आणि स्लाइड बावीस होत्या.

फोन आणखी दोनदा थरथरला. चोवीस वर्षांच्या नोकरीत खांबेटे मीटिंगमधून कधी मधेच उठले नव्हते. उठणारी माणसं त्यांनी पाहिली होती. पुढच्या छाटणीत ती कायमची उठली. बाविसावी स्लाइड संपली. कोणाला काही प्रश्न? कोणालाच नव्हते, कधीच नसायचे. मग खांबेटे कॉरिडॉरमध्ये आले आणि त्यांनी नंबर लावला. पलीकडची बाई रडत होती. आसावरी मायक्रोफिल्मच्या मशीनसमोर बसल्या बसल्या पुढे झुकली होती. लोकांना वाटलं, अक्षर बारीक असेल. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही पहिल्या फोनला निघाला असतात तरी फरक पडला नसता. खांबेट्यांनी मान हलवली. स्लाइडचं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही, जर्सी सिटीहून धावत आलेल्या लेकीला, ज्ञानदालाही सांगितलं नाही.

आसावरी पुण्याची इतिहासाची एम.ए. इथे आल्यावर पंधरा वर्षं व्हिसानं तिला नोकरी करू दिली नाही, आणि व्हिसानं परवानगी दिली तोवर इतिहासाला नोकऱ्या उरल्या नव्हत्या. ती लायब्ररीत वंशावळी शोधणाऱ्या लोकांना मदत करायला बसू लागली. तिथे तिला ब्रूस मॅककेल्डर भेटला. ब्रूसचा धंदा गॅरेजची दारं बसवण्याचा, जन्म इथलाच, डुलूथचा. स्कॉटलंडला तो एकदा जाऊन आला होता, बसच्या टूरमधून. पण तो मॅककेल्डर कुळाचा मिनेसोटा शाखाध्यक्ष होता आणि शाखाध्यक्षाला शोभेल असा चौकड्यांचा स्कॉटिश घागरा नेसायचा. त्याला पुस्तक हवं होतं. कुळाचा मूळपुरुष सर डंकन साडेसातशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या दोन राजांच्या पदरी होता. तो राजाची तलवार वाहायचा असं सगळ्या मॅककेल्डरांना ठाऊक होतं. कोणी सांगितलं ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे यांना कुलवृत्तान्त हवाय," आसावरी घरी येऊन म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

कुलवृत्तान्त तिनं एकदा केला होता. खांबेटे कुळाचा. चार वर्षं, सहाशे घरांना पत्रं, अकराशे माणसं, कोण कुठे जन्मला, कोणाशी लग्न केलं, कोण परागंदा झाला. आपला पूर्वज पेशव्यांच्या पदरी होता असं प्रत्येक खांबेटे छाती फुगवून सांगायचा. आसावरीनं कागद काढला. पूर्वज पेशव्यांच्या पागेत घोड्यांची चंदी मोजायला होता. गुरुनाथकाकांनी, म्हणजे मोहनच्या थोरल्या काकांनी, ते वाक्य हातात घेतलं आणि 'अश्वदळाशी निकटचा संबंध' असं करून छापलं. ९५ साली पुण्यात प्रकाशन झालं. संपादक म्हणून काकांचं नाव. भाषणाच्या शेवटी काका म्हणाले, "आमच्या अमेरिकेच्या सूनबाईंचीही या कामी मदत झाली." मोहन तेव्हा व्यासपीठावर होता, फोटोसाठी बोलावलेला, डावीकडून चौथा. तो काहीच बोलला नाही. बटाटेवडा खाऊन परत जाताना आसावरी रिक्षात म्हणाली, "छान झाला कार्यक्रम. तुम्ही साक्षीला होतातच."

तेव्हापासून ती त्यांना चिडवायची. अहो साक्षीदार, चहा घेणार का? साक्षीदार, कचरा बाहेर ठेवा, उद्या गुरुवार.

मॅककेल्डरांसाठी तिनं खांबेट्यांचाच फॉर्म इंग्रजीत केला आणि दोनशे बारा घरांना पाठवला. नाव, जन्म, लग्न, शिक्षण, आणि सवयीनं कुलदैवत आणि कुळाचार हे रकानेही तसेच ठेवले. कुलदैवताच्या रकान्यात त्रेसष्ट जणांनी 'मिनेसोटा वायकिंग्ज' असं आपल्या फुटबॉल संघाचं नाव लिहून पाठवलं. हजार वर्षांपूर्वी वायकिंग या शब्दानं ज्यांचे पूर्वज गुरंढोरं घेऊन डोंगरात पळायचे, ते आता दर रविवारी टीव्हीसमोर त्याच नावाचा जयघोष करत होते. कुळाचारात एकानं लिहिलं, 'स्टेट फेअरला तळलेलं चीज.' आसावरी आठवडाभर हसत होती. "अहो, आपल्यापेक्षा बरे. आपल्यातल्या निम्म्यांनी तर कुलदैवताचा रकाना रिकामाच ठेवला होता."

अंत्यविधीला मॅककेल्डर आले ते गणवेशात. मंत्र म्हणायला ईशान होता, नागपूरचा, आठवडाभर डेटाबेस सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी सत्यनारायण सांगायचा. त्यानं पुस्तक उघडलं आणि त्याच क्षणी मागून ब्रूसच्या माणसानं बॅगपाइप फुंकला. फ्यूनरल होमच्या त्या खोलीत दोन्ही आवाज मावेनात. ईशाननं पट्टी वर नेली. बॅगपाइपला पट्टी वर-खाली करता येत नाही, तो आपला चालूच राहिला. खांबेट्यांच्या कानात महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष गिरीश म्हणाले, "काका, यांना थांबवू का? आपलं काहीच ऐकू येत नाहीये." खांबेटे म्हणाले, "राहू द्या." आसावरीला हे सगळं कोण सांगणार, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. असलं काही घडलं की ते तिला सांगायचे आणि मग ते हसण्यासारखं व्हायचं.

पुढच्या रविवारी मंडळाची शोकसभा झाली. गिरीश वीस मिनिटं बोलले, त्यातली अठरा मिनिटं गेल्या वर्षीच्या गणपतीत पार्किंग किती छान झालं यावर. शैलजाकाकूंनी साबुदाण्याची खिचडी आणली, आणखी सात जणींनीही आणली. खांबेट्यांचा फ्रीजर नाताळपर्यंत उपासाला बसला.

ब्रूस डिसेंबरात आला. बूट काढून मोज्यांवर सोफ्यात बसला.

"मो," तो म्हणाला. मोहन हे नाव त्याला लांब पडायचं. "घाई नाही. पण जुलैच्या मेळाव्याला पुस्तक काढायचं आमचं ठरलंय. आसानं किती लिहिलं होतं?"

"बघतो," खांबेटे म्हणाले.

आसावरीच्या खोलीत कागदांचं एक मोठं खोकं होतं. बारा प्रकरणांपैकी अकरा पूर्ण होती. खांबेट्यांनी स्कॉटलंड नकाशात पाहिला होता तेवढाच. त्यांनी पहिलं प्रकरण उघडलं आणि तिसऱ्या पानावर त्यांना डंकन ओळखीचा वाटायला लागला.

सर डंकन तलवार वाहत नव्हता. तो राजाच्या पावाचा कारभारी होता. कोठारावर देखरेख करायची आणि राजा जेवायला बसला की त्याच्यासमोर पाव कापून ठेवायचा. बाप तेच करायचा, पुढे मुलगाही तेच करणार होता. कुळाच्या मुद्रेवरची ती प्रसिद्ध तलवार, जी मॅककेल्डरांच्या मगांवर, टोप्यांवर आणि ब्रूसच्या ट्रकवर होती, ती पाव कापायची सुरी होती.

हा सगळा माणूस आसावरीनं सनदांमधून उभा केला होता. राजानं कोणाला जमीन दिली की कारकून सनद लिहायचा आणि शेवटी हजर असलेल्या साक्षीदारांची नावं मानाप्रमाणे उतरवायचा. आधी बिशप, मग सरदार, मग बाकीचे. डंकनचं नाव एक्केचाळीस सनदांवर होतं. पहिल्या सनदेत अकरावा. सात वर्षांनी नववा. मग राजा मेला, नवा राजा लहान होता, दरबारात दोन तट पडले, आज एक वर, उद्या दुसरा. प्रत्येक वेळी काही नावं यादीतून नाहीशी व्हायची. डंकन मात्र राहायचा. वरची गळाली की हा एक घर पुढे सरकायचा. शेवटी चौथा झाला आणि चौथ्यावर थांबला.

ईमेलमध्ये कोणाचं नाव कितवं आहे हे वाचण्यात खांबेट्यांची चोवीस वर्षं गेली होती. तीन वेळा कंपनीची उलथापालथ झाली आणि तिन्ही वेळा ते एकेक घर पुढे सरकले होते, काहीही न बोलता. आसावरीनं समासात पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं: 'एक्केचाळीस सनदा, एकीतही याचा स्वतःचा शब्द नाही. घरचाच माणूस.'

खांबेटे हसले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

बाराव्या प्रकरणाच्या फोल्डरमध्ये एकच कागद होता. वर शीर्षक, 'डंकनची बायको', आणि खाली टिपण: 'मठाच्या दफ्तरात नोंद. डंकनच्या पत्नीला नोव्हेंबरच्या तीन तारखेला पुरलं. नावाच्या जागी पान फाटलंय. त्याच दिवशीच्या सनदेवर डंकन साक्षीदार क्र. ४. राजाचा मुक्काम घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर. निरोप पोचला असणार. पुढच्या सनदेवर आहे का, बघणे.'

पुढची सनद सातव्या प्रकरणाच्या यादीत होती. सहा नोव्हेंबर. खांबेट्यांनी बोट खाली खाली नेलं. बिशप, सरदार, सरदार, डंकन.

त्यांना सतरावी स्लाइड आठवली. अठरावी, एकोणिसावी. प्रत्येकीवर काय होतं ते त्यांना अजून सांगता आलं असतं.

वंशवृक्षाच्या पानावर डंकनच्या चौकटीशेजारी दुसरी चौकट होती, रिकामी. ही कुलवृत्तान्ताची रीत. बाईचं नाव सापडलं नाही तर जागा गाळायची नाही, कोरी ठेवायची, म्हणजे कोणीतरी होतं हे तरी राहतं. आणि अगदी वरच्या पानावर, लेखकाच्या जागी, तिनं इंग्रजीत टाइप केलं होतं: एन. ए. खांबेटे.

एन म्हणजे नीला. ७४ सालापर्यंत ती नीला होती. लग्नात मोहननं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'आसावरी' असं लिहिलं. नाव त्याच्या आईनं निवडलं होतं. नीलाला आवडलं का, हे विचारायचं असतं हे त्या हॉलमधल्या कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. त्यानं अक्षर मात्र सुरेख काढलं होतं, सगळ्यांनी कौतुक केलं.

खांबेट्यांनी मजकुराची एक प्रत समितीला धाडली. मार्चमध्ये चर्चच्या तळघरात बैठक झाली. कॉफी होती, बिस्किटं होती, पाच माणसं होती. मूळ कागदांचं खोकं खांबेट्यांनी सोबत आणलं होतं, कारण छपाईसाठी ते समितीकडे सोपवायचं ठरलं होतं.

"मो, पुस्तक भारी आहे," ब्रूस म्हणाला. "फक्त तीन बारीकसे बदल. एक म्हणजे हा पाव."

"पावाचं काय?"

"काढू या."

"तीन पिढ्या ते तेच करत होते."

"असतील. पण हे बघ." ब्रूसनं बाही वर केली. दंडावर वीतभर तलवार गोंदलेली होती. "ही सुरी आहे असं आता मी बायकोला सांगू?"

"लोणी लावायची म्हणून सांग," चिटणीस लिंडा म्हणाली. सगळे हसले. ब्रूस हसला नाही.

"आपण असं लिहू," तो म्हणाला. "'राजाच्या शस्त्राशी निकटचा संबंध.'"

खांबेट्यांना गुरुनाथकाका समोर बसल्यासारखे वाटले. फक्त घागऱ्यात.

"दुसरं, ही रिकामी चौकट," लिंडा म्हणाली. "छापल्यावर चूक राहिल्यासारखी दिसेल. आम्ही तिथे लेडी इझाबेला असं घालतोय. एका अर्लची मुलगी."

"असं कुठे सापडलं?"

"सापडलं नाही. पण नव्हती असंही कोणी म्हणत नाही ना! आणि माझ्या नातीचं नाव इझाबेला आहे, तिला गंमत वाटेल."

"तिसरं म्हणजे कव्हर," ब्रूस म्हणाला. "त्यावर माझं नाव आणि समिती. तू समजून घे, मो. मॅककेल्डरांचा इतिहास कोणा खांबेट्यानं लिहिलाय म्हटल्यावर आमची माणसं बिचकतील. पण आसाला पहिल्याच पानावर स्पेशल थँक्स. ठळक टाइपात."

लिंडानं एक कागद पुढे केला. समितीनं हे बदल पाहिले आणि मान्य केले, असं त्यावर होतं. खाली साक्षीदारांच्या सह्यांसाठी चार ओळी. तिघांच्या सह्या झाल्या होत्या.

"इथे, चौथ्या ओळीवर," ती म्हणाली.

खांबेट्यांनी पेन घेतलं. टोपण काढलं. असल्या कागदांवर त्यांनी हजारदा सही केली होती, न वाचता. हात आपोआप त्या ओळीपर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"माझ्या बायकोचं नाव आसा नव्हतं," ते म्हणाले. "आसावरीसुद्धा नव्हतं. ते मी ठेवलं. तांदळात लिहून."

पाचही जण त्यांच्याकडे बघत राहिले.

"तांदूळ म्हणजे तुम्ही लग्नात उधळता ते?" लिंडानं हळूच विचारलं.

"नाही. ताटात असतात. त्यात नवऱ्यानं बायकोचं नवं नाव लिहायचं."

"का?"

खांबेट्यांनी खरंच विचार केला. "रीत आहे," ते म्हणाले. "त्या वेळी ठीक वाटलं होतं. तिचं नाव नीला. या पानावर तिनं स्वतः घातलंय, एन. लेखक तीच. आणि त्या बाईचं नाव तुम्हाला माहीत नाही, मलाही माहीत नाही. माहीत नसेल तर जागा कोरी ठेवायची. सोयीचं नाव घालायचं नाही."

"मो, आपण इमोशनल होतोय," ब्रूस म्हणाला.

"होय," खांबेटे म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं, समितीकडची प्रत खोक्यात टाकली आणि खोकं उचललं. ते जड होतं. व्हाइस प्रेसिडेंट समोर असता तर काय केलं असतं, असा विचार जिन्यात त्यांच्या मनात येऊन गेला.

ब्रूस मागोमाग पार्किंगमध्ये आला. बर्फ अजून वितळलं नव्हतं आणि घागऱ्याखाली त्याचे गुडघे लाल झाले होते. त्यानं गाडीचं दार उघडून धरलं, कारण खांबेट्यांचे दोन्ही हात गुंतले होते.

"आम्ही नाही छापलं तर हे वाचणार कोण, मो?"

खांबेटे त्याला थँक यू म्हणाले, दार धरल्याबद्दल.

मॅककेल्डरांचं पुस्तक जुलैत आलं. चाळीस पानं, गुळगुळीत कागद, त्यातली नऊ पानं मगांच्या आणि टोप्यांच्या जाहिराती. ब्रूसनं आपल्या आठवणीतून लिहिलं होतं, त्यामुळे कुठेही अडखळत नव्हतं. सर डंकन तीन लढायांत लढला, तिन्ही जिंकला, आणि लेडी इझाबेला गढीच्या खिडकीतून त्याची वाट बघत होती. एक प्रत त्यानं खांबेट्यांना पोस्टानं पाठवली. आत हातानं लिहिलं होतं, 'आसाचे सामोसे आम्ही कधीच विसरणार नाही.' माणूस वाईट नव्हता.

महाराष्ट्र मंडळाचाही फोन आला. गिरीश म्हणाले, "काका, दिवाळी अंकात काकूंवर एक पान टाकतोय. तुम्ही फक्त अप्रूव्ह करा. आम्ही लिहिलंय की त्या राजघराण्याच्या इतिहासतज्ज्ञ होत्या." खांबेटे म्हणाले, "पावाच्या म्हणा." गिरीशना वाटलं काका अजून सावरले नाहीत.

२००८ च्या जानेवारीत कंपनीत चौथी उलथापालथ झाली. या वेळी खांबेट्यांनी आपण होऊन निवृत्ती मागितली. निरोपाच्या सभेत स्लाइड होत्या. सहाव्या स्लाइडला ते उठले आणि बाहेर गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता ते रोज सकाळी लायब्ररीत जातात. मायक्रोफिल्मचं तेच मशीन, तीच खुर्ची. मठांच्या दफ्तरांची रिळं लांबच्या लायब्ररीतून मागवावी लागतात, ती आसावरीनं नोंदवून ठेवलेल्या क्रमानं येतात. सगळं लॅटिनमध्ये. साठीला आलेल्या माणसानं लॅटिनची रूपं पाठ करायची म्हणजे गंमतच. खांबेटे ती गाडीत सीडी लावून म्हणतात, शाळेत रामरक्षा म्हणायचे तशी, एका दमात. 'पत्नी' हा शब्द त्यांना आता दुरूनही ओळखू येतो. त्यापुढे बहुतेक वेळा कोणाची पत्नी एवढंच असतं, तिचं नाव नसतं.

कॉपीच्या दुकानातून त्यांनी अकरा प्रकरणं आणि बाराव्याचं कोरं पान अशा तीन प्रती बांधून आणल्या. वर एन. ए. खांबेटे. एक लायब्ररीला दिली, एक ज्ञानदाला पाठवली. तिचा रविवारी फोन आला.

"बाबा, इट्स ब्युटिफुल. पण ट्वेल्थ चॅप्टर ब्लँक आहे."

"आहे."

"तुम्ही अजून रोज जाता तिकडे? सापडलं नाही तर?"

"बघतोय."

"बट हू इज इट फॉर, बाबा? आईसाठी? की त्या बाईसाठी?"

"राजमा भिजत घालायचाय," खांबेटे म्हणाले. "ठेवतो."

आसावरीच्या यादीत एकूण एकोणीस रिळं आहेत. पाच बघून झाली. डंकनच्या बायकोचं नाव अजून सापडलेलं नाही. चौदा रिळं बघायची राहिली आहेत.